झाडाच्या वतीने

जगात अनाकलनीय असं काही नसतं. असतो तो फक्त माणसाच्या विचारशक्तीचा आळस.

हे वाक्य माझं आहे. वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करणारं सदर लिहून मी उभा जन्म काढला, आणि निवृत्तीच्या समारंभात हेच वाक्य ठणकावून सांगून टाळ्यांच्या गजरात खाली बसलो. जमिनीवर बसलो. खुर्ची कुणी आणि कधी सरकवली, ते अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी तोक्यो सोडलं आणि ओदावाराच्या बाजूला, समुद्राकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर एक लहानसं घर घेतलं. कारण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तोकुजी राहत होता. तोकुजी इसोगाई आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तो मला कुरा म्हणतो. कुरामोची हे आडनाव पूर्ण उच्चारण्याइतकी माझी लायकी नाही, असं त्याचं पहिलीपासूनचं मत आहे.

तोकुजीची बाग त्याच्या आजोबांनी लावलेली. मधे तळं, तळ्यात कासवासारखा एक दगड, काठाने शेवाळ, आणि शेवाळातून वळत जाणारी सपाट दगडांची पाऊलवाट. वाटेच्या दोन्ही अंगांना प्लमची झाडं, पांढरी आणि लाल. फेब्रुवारीत बागेचं फाटक लोकांसाठी उघडं असतं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला माणसं दारू घेऊन जातात, प्लम बघायला मफलर घेऊन येतात. नाक गळत असताना फुलांचा वास घ्यायचा, बोटं बधिर झालेली असताना गरम पेल्याभोवती ती गुंडाळायची, आणि शेजारच्याला म्हणायचं, "यंदा लवकर आली, नाही?" हा आमचा बहराचा आनंद. मला तो साकुराच्या गोंधळापेक्षा जास्त आवडतो. गर्दी कमी असते आणि सगळे वयस्कर असल्यामुळे कुणी गात नाही.

तळ्याच्या पलीकडे, पाऊलवाट संपते तिथे, सगळ्यांत जुनं झाड. ते उभं नाही, लोळलेलं आहे. खोड आधी जमिनीवर सरपटत जातं, मग एकदम कोपर टेकून उठावं तसं वर येतं. खाली लाकडी टेकू दिलेत. खोड आतून पोकळ झालंय. उरलीय ती साल आणि थोडं लाकूड, जुन्या दाराच्या फळीएवढं. समोर उभं राहिलं की मधल्या भोकातून पलीकडची बांबूची झाडं दिसतात. याला पांढरी फुलं येतात.

या झाडाला दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर धमकी द्यायची पद्धत आहे. आमच्याकडे फळझाडांना देतातच. दोन माणसं लागतात. एकाने हातात कोयता घेऊन झाडासमोर उभं राहायचं, खोडाला हलकीशी खाच पाडायची आणि विचारायचं, "फुलशील की नाही? नाही फुललंस तर तोडून टाकीन." दुसऱ्याने झाडामागे उभं राहून झाडाच्या वतीने उत्तर द्यायचं, "फुलेन, फुलेन." मग त्या खाचेला लाल चवळीची पेज चोपडायची, आणि उरलेली आपण खायची. शेवटी कोयतेवाल्याने झाडामागच्या माणसाला नाव घेऊन बाहेर बोलवायचं. नावाने हाक आल्याशिवाय त्याने बाहेर यायचं नाही. तोकुजीचे आजोबा म्हणत, उसनं दिलेलं तोंड नाव घेऊन परत मागावं लागतं.

तोकुजीचा कोयता आणि सादाए वहिनींचं उत्तर, असा त्यांचा संसार चालला. वहिनी नुसतं "फुलेन" म्हणून थांबत नसत. "फुलेन, पण स्वयंपाकघरातला नळ गळतोय." "फुलेन, पण तुमच्या बहिणीला या उन्हाळ्यात बोलवू नका." झाडाला दिलेला शब्द मोडता येत नाही, त्यामुळे तोकुजी मुकाट्याने नळ दुरुस्त करी. एका वर्षी झाड म्हणालं, "फुलेन, पण सिगारेट सोडा." तोकुजीने सोडली. म्हणजे विकत घेणं सोडलं. तेव्हापासून तो अवजारांच्या खोलीमागे मला गाठायचा, मान वळवून मागे बघायचा आणि हळूच विचारायचा, "ती नाही ना इथे? मग एक सिगारेट दे."

एकदा तो पेज चोपडून झाल्यावर टेलिफोन घ्यायला घरात गेला आणि नाव घ्यायचं विसरला. वहिनी दुपारपर्यंत त्या थंडीत झाडामागे उभ्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, या ना बाहेर, कोण बघतंय?" तर त्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं नाही. शेवटी तोकुजीने धावत येऊन हाक मारली तेव्हा त्या आल्या आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी यावर सदर लिहिलं. ते बरंच गाजलं.

मग वहिनी आजारी पडल्या. दोन हिवाळे त्या अंथरुणावर होत्या, धमकी द्यायची राहिली, आणि ते दोन्ही हिवाळे जुनं झाड फुललं नाही. मी म्हटलं, झाड म्हातारं झालंय. गेल्या शरद ऋतूत वहिनी गेल्या.

डिसेंबरात तोकुजी तळ्याकाठी चक्कर येऊन पडला. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, एकट्याने राहायचं नाही. त्याची मुलगी चिनात्सु नागोयाला असते. तिने घरातली एक खोली रिकामी केली, उशीसुद्धा आणून ठेवली. तोकुजी हलेना. शेवटी तो म्हणाला, "यंदा झाडाला विचारतो. फुललं तर मी इथेच. नाही फुललं तर तुझ्याकडे येतो."

चिनात्सुने मला फोन केला.

"काका, यंदा झाडामागे तुम्ही उभे राहणार ना?"

"तुझ्या बापाने तसा हुकूम काढलाय खरा."

"मग 'फुलणार नाही' म्हणा."

"अगं, असं कधी कुणी म्हणत नाही."

"काका, ते डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. झाडाचं ऐकतील. तुम्ही आयुष्यभर खोटंच लिहिलंत ना? एकदा बोलून बघा."

"खोटं नाही, अतिशयोक्ती लिहिली."

"मग अतिशयोक्ती करा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "काका, पुढच्या वेळी ते तळ्याच्या आत पडतील."

मी हो म्हटलं.

त्या सकाळी जमिनीवर दहिवर गोठलं होतं आणि पाय टाकला की ते कुरकुरत मोडत होतं. मी झाडामागे जाऊन उभा राहिलो. खोडाच्या भोकातून मला तोकुजीचा कोट आणि कोयता धरलेला हात दिसत होता. त्याची बोटं सांधेदुखीने वाकलेली आहेत. बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही, म्हणून तो चेनचे बूट घालतो. कोयता मात्र नीट धरला होता.

ठक्. खाच पडली.

"फुलशील की नाही? नाही फुललंस तर तोडून टाकीन."

"नाही," मी म्हणालो. स्पष्ट म्हणालो. माझ्या तोंडातून निघालेली वाफ मला दिसली. "फुलणार नाही."

मग तोकुजीचा आवाज आला, "बरं." मऊ आवाज. त्याने खाचेला पेज चोपडली आणि म्हणाला, "कुरामोची, चल, पेज गार होतेय." पूर्ण आडनाव. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा.

मी बाहेर आलो. त्याचे डोळे ओले होते.

"ऐकलंस ना?" मी म्हटलं.

"ऐकलं. फुलेन म्हणालं."

"तोकुजी, मी नाही म्हणालो."

"तू काय म्हणालास ते कोण विचारतंय?" तो म्हणाला आणि पेजेचं भांडं माझ्या हातात दिलं.

"आणि पुढे काही मागितलं का?" मी थट्टेने विचारलं.

"ते आमचं आमच्यात आहे."

मी चिनात्सुला कळवलं की तुझ्या बापाच्या कानात मळ झालाय. झाड फुलणार नाहीच, तेव्हा काळजी करू नकोस, हेही कळवलं.

जुनं झाड बागेत सगळ्यांच्या आधी फुललं.

जानेवारी संपायच्या आतच फुललं, आणि नुसतं फुललं नाही, तर ज्या फांद्या वाळक्या म्हणून कापायला काढल्या होत्या त्यांवरही कळ्या धरल्या. लोक येऊ लागले. तळ्याच्या या काठाने उभे राहून वाकून वाकून पाहू लागले. पलीकडे कुणी जात नव्हतं, कारण पाऊलवाटेवर दगड ठेवलेला होता. मुठीएवढा दगड, काळ्या सुंभाने पार्सलासारखा बांधलेला. आमच्या बागांत असा दगड वाटेवर दिसला की समजायचं, इथून पुढे जायचं नाही. पाटी लावावी लागत नाही. हे दगड बांधायचं काम वहिनींचं होतं. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. बागेला भेट देणारे जाणकार त्यावर कुजबुजायचे आणि वहिनी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हसायच्या.

मी वाकून पाहिलं. सुंभ नवा होता. पीळ उलटा.

"हा कुणी बांधला?" मी तोकुजीला विचारलं.

"बांधलेला होता."

"कधीपासून?"

"तू पोलिसात कधी लागलास?" तो म्हणाला.

तो झाडाखाली घडीच्या स्टुलावर बसला होता. अंगात वहिनींचा कापूस भरलेला जुना कोट, कोपरावर ठिगळ लावलेला. बाजूच्या टेकूवर चहाचे दोन पेले. मी फाटकातून आत आलो तेव्हा मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. मी तळ्याला वळसा घालून पोचेपर्यंत ते थांबलं होतं. दोन बायकांच्या बोलण्यात मधेच कुणी पुरुष येऊन टपकला की जसं थांबतं, तसं.

"बस," तो म्हणाला. "पण त्या बाजूला नको."

मी दुसऱ्या बाजूला बसलो. वारा समुद्राकडून येत होता, म्हणजे माझ्या पाठीकडून. तरी समोरून फुलांचा वास येत होता. बागेत इतर झाडांवर चष्मेवाल्या पक्ष्यांची नुसती झुंबड होती. ते हिरवे टिल्लू फुलात चोच खुपसून उलटेपालटे लटकत होते. या झाडावर एकही नव्हता. खाचेतली पेज मात्र कुणीतरी पुसून खाल्ली होती. बुलबुल खातात, मी स्वतःला सांगितलं. बुलबुल काहीही खातात.

मग मी अवजारांच्या खोलीमागे गेलो आणि तो माझ्यामागून आला. सवयीने मान वळवून त्याने मागे पाहिलं.

"ती नाही ना इथे?"

मला वाईट वाटलं. बायको गेली तरी माणसाची चोरी सुटत नाही. मी सिगारेट पुढे केली. त्याने झाडाच्या दिशेने पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली. "नको. इथून दिसतं."

"तोकुजी, झाडाने काय मागितलं?"

तो बराच वेळ बुटाची चेन खालीवर करत राहिला. "एकटीला कंटाळा येतो म्हणाली. रोज येऊन बसा म्हणाली."

"म्हणाली?"

"म्हणालं," तो म्हणाला. "झाड."

फेब्रुवारीभर मी रोज गेलो. तो बारीक होत होता. जेवतोस का विचारलं की म्हणायचा, जेवलो. आणि टेकूवरच्या दोन वाट्यांपैकी एक रिकामी असायची, त्याच्यासमोरची भरलेली. एका दुपारी तो घरात गेला असताना मी झाडाजवळ गेलो. विचारशक्तीचा आळस मला मान्य नव्हता. मी विजेरी आणली होती. खोडाच्या पोकळीत उजेड टाकला: भुसा, कोळिष्टक, एक वाळकं पान. मग मी आत हात घातला. हवेत बोटं गारठून लाल झाली होती.

आत ऊब होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

मी हात काढून घेतला आणि खिशात घातला. घरी जाऊन चिनात्सुला फोन केला. म्हटलं, "तू ये. झाड फुललं ते फुललं, शब्द गेला खड्ड्यात. तू गाडी घेऊन ये आणि त्याला ने. नाहीतर तो इथेच संपेल."

ती रविवारी आली. ऊन पडलं होतं. तळ्याच्या अलीकडे लोक बाकांवर बसून काडीला टोचलेले गोड पिठाचे गोळे खात होते, लहान मुलं माशांना हाका मारत होती. आपल्या वडिलांना पाहून चिनात्सुने नुसता त्या मोठ्या कोटाच्या बाहीला हात लावला. बाही पार रिकामी वाटली असावी.

"बाबा, मी भांडायला नाही आले. माझ्यासाठी चला."

तोकुजीने तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे. "मी शब्द दिलाय."

"मला पण दिला होतात. लहानपणी. म्हणाला होतात, तू रडलीस तर मी काहीही करीन." ती रडत नव्हती. फक्त सांगत होती.

तोकुजी उठला. मग माझ्याकडे वळला.

"कुरा, कोयता आण."

"कशाला?"

"विचारू पुन्हा. जाऊ दे म्हणालं तर जातो. तू विचार."

"आणि उत्तर?"

"मी देतो. एवढे दिवस तिथे बसलोय, झाडाच्या मनातलं माझ्याइतकं कुणाला कळणार?"

चिनात्सुने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. आमची दोघांची एकाच वेळी सुटका झाली. म्हातारा तयार झाला होता. त्याला फक्त मान राखून निघायचं होतं. मी कोयता आणला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलंही हत्यार उचललेलं नाही.

तोकुजी झाडामागे गेला. फळीएवढं खोड, त्याच्या दोन्ही बाजूंनी कोटाच्या बाह्या दिसत होत्या.

मी कोयता टेकवला. ठक्.

"त्याला जाऊ देशील की नाही? नाही दिलंस तर तोडून टाकीन."

पलीकडच्या काठावरची मुलं हसत होती. मग मला त्यांचं हसणं ऐकू येईनासं झालं. मुलं हसतच होती. तोंडं उघडी दिसत होती.

"जाऊ देईन," झाडामागून आवाज आला. तोकुजीचाच आवाज. "पण गाडीत पायमोजे घाला. पाय गार पडतात."

चिनात्सु हसली आणि मग तिला रडू आलं. "अगदी आई," ती म्हणाली.

मी खाचेकडे बघत होतो. मी आत्ता पाडलेली खाच, आणि तिच्या शेजारी जानेवारीतली. जानेवारीतल्या खाचेच्या कडा आत वळून मिटल्या होत्या. ओठ मिटावेत तशा.

आता नाव घ्यायचं होतं. मला ठाऊक होतं. माझं तोंड उघडंही होतं.

"बाबा, चला," चिनात्सु म्हणाली.

बापाला नावाने कोण हाक मारतं? आमच्यात तर कुणीच नाही.

तो बाहेर आला.

आत गेला होता त्याच्या दुसऱ्या बाजूने आला. कोटाचे हात झटकले, कॉलर नीट केली, आणि माझ्यासमोर येऊन कमरेतून वाकला. तोकुजी शाळेपासून माझ्यासमोर वाकलेला नाही.

"तुम्हाला फार त्रास दिला," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही. चिनात्सुने त्याला हाताला धरून पाऊलवाटेने नेलं. सुंभाच्या दगडापाशी तो थांबला, खाली वाकला, डाव्या हाताने दगड उचलून खिशात टाकला, आणि पुढे गेला.

घराची किल्ली माझ्याकडे राहिली. माशांना खायला घालायचं, फाटक लावायचं.

चिनात्सुचे फोन येऊ लागले. पहिल्या आठवड्यात ती नुसती आनंदाने बोलत होती. "काका, बाबा जेवतात. झोपतात. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम सुधारलंय, या वयात असं होत नाही." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "काका, बाबा स्वयंपाक करतात. बाबांना अंडं उकडता येत नव्हतं." मी म्हटलं, "माणूस शिकतो." ती म्हणाली, "हो. काल माझे केस विंचरत होते. मला चिना-बाळ म्हणाले. तसं आईच म्हणायची."

"दुःखात माणसं अशी वागतात," मी म्हटलं. मी वाचलं होतं कुठेतरी. कदाचित लिहिलंही असेल.

"डोकं दुखलं की कपाळाला खारवलेला प्लम चिकटवून बसतात," ती म्हणाली. "आईला किती हसायचे त्यावरून. आणि काका, न्हाणीघर ओलं असलं की दाराशी दगड ठेवतात, माझी मुलं घसरू नयेत म्हणून. सुंभाने बांधलेला. इतका सुबक बांधतात."

"फोटो पाठव," मी म्हटलं.

फोटो आला. मी चष्मा पुसून पाहिला. मग दुसऱ्या चष्म्याने पाहिला. पीळ उलटा.

मी चिनात्सुला काही सांगितलं नाही. काय सांगणार? ती सुखात होती. फोनवर मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी गुणगुणत होतं. मी विचारलं, "त्याला फोन देतेस?" ती लांबून काहीतरी बोलली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा म्हणतात, भावजींना सांग, सिगारेट कमी करा."

मार्च संपत आला. बागेतली सगळी प्लमची झाडं गळून हिरवी झाली. टेकडीवर साकुराला सुरुवात झाली आणि माणसं दारू घेऊन तिकडे गेली. मी फाटक लावून टाकलं.

जुनं झाड अजून फुललेलंच होतं.

एका दुपारी माशांना खायला घालून मी तळ्याला वळसा घातला. वाटेवर दगड नव्हता. आता कुणाला अडवायचं कारण उरलं नसावं. घडीचं स्टूल तिथेच होतं. टेकूवर एकच पेला, कोरडा.

मी समोर उभा राहिलो. कोयता आणला नव्हता. धमकी द्यायची नव्हती.

खोडाच्या भोकातून पलीकडचे बांबू दिसत होते. मधे कुणी नव्हतं. एका फळीमागे माणूस लपत नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

वारा नव्हता. एक पाकळी पडली.

मला माझंच हसू आलं. म्हातारा माणूस, भर उन्हात, एका झाडासमोर टोपी काढून उभा. पूर्वी असं कुणी दिसलं असतं तर मी त्याच्यावर आठवडाभर लिहिलं असतं.

"तोकुजी," मी म्हणालो. घसा खरवडला. "तोकुजी इसोगाई, चल. पेज गार होतेय."

काही नाही.

मी टोपी घातली. वळलो.

"कुरा," मागून हळू आवाज आला. अवजारांच्या खोलीमागे यायचा तसाच, दबका. "ती नाही ना इथे?"

मी मागे वळून पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "नागोयाला आहे."

"मग एक सिगारेट दे."